स्वालबार्डची उन्हाळी वन्यजीव सफर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चौकशीचा फोन आला की साधारण हेच प्रश्न येतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे लांबणं भाग होतं. अस्वलाचे दोन प्रश्न तेवढे पैसे भरण्याआधी नक्की वाचा.

आर्क्टिक म्हणजे नेमकं कुठे नेता?

स्वालबार्डला. नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मध्यावर हा द्वीपसमूह आहे. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याएवढं, वस्ती मात्र जेमतेम अडीच-तीन हजार, आणि त्यातले बहुतेक लोक लाँगइयरब्येन या एकाच गावात राहतात. हे गाव ७८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. निम्म्याहून जास्त जमीन हिमनद्यांखाली आहे, आणि जवळपास दोनतृतीयांश भूभाग राष्ट्रीय उद्यानं किंवा राखीव क्षेत्रं म्हणून संरक्षित आहे. ऑस्लोहून विमानाने सुमारे तीन तासांत लाँगइयरब्येनला पोचायचं, तिथे एक रात्र राहायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, फक्त बारा प्रवासी नेणाऱ्या लहान बोटीवर चढायचं. पुढचे आठ दिवस बोट हेच घर. गावांना जोडणारे रस्ते तिथे नाहीत, त्यामुळे बसने फिरवणारी सहल इथे होऊच शकत नाही.

ध्रुवीय अस्वल दिसेलच ना?

बहुतेक वेळा दिसतं. ‘दिसेलच’ असं आम्ही लिहून देत नाही, आणि कोणी देत असेल तर त्याला आधी विचारा की कशाच्या जोरावर.

स्वालबार्डमध्ये वर्षभर मुक्काम करणारी अस्वलं सुमारे तीनशे आहेत. बाकीची समुद्री बर्फाबरोबर रशियाच्या बाजूला ये-जा करतात. उन्हाळ्यात बर्फ उत्तरेकडे सरकतं. काही अस्वलं त्याच्यामागे जातात. जी मागे राहतात ती किनाऱ्याकिनाऱ्याने फिरतात, पक्ष्यांची अंडी खातात, वाहून आलेला मेलेला देवमासा सापडला तर त्याच्यावर आठवडेच्या आठवडे काढतात. म्हणजे अस्वल शोधायचं तर शेकडो किलोमीटरचा किनारा दुर्बिणीने विंचरून काढावा लागतो. आमचे मार्गदर्शक तेच करतात. नवख्या माणसाला प्रत्येक पिवळट दगड अस्वल वाटतो, आणि खरं अस्वल समोर असलं की तो दगड वाटतो. एक खूण सांगतो: अस्वल पांढरंशुभ्र नसतं, मळक्या सायीच्या रंगाचं असतं. बर्फापेक्षा पिवळं काही दिसलं तर आधी बोट दाखवा, मग शंका घ्या.

आपल्याकडच्या बऱ्याच मंडळींना ताडोबाची सवय असते. वायरलेसवर खबर येते, जिप्सी धावतात, पाणवठ्याला वाहनांचं रिंगण पडतं, आणि वाघ दिसला नाही तर सफारी ‘फुकट गेली’ म्हणायचं. इथे तसं होत नाही. अस्वलाचा पाठलाग करणं, त्याला आमिष दाखवणं, त्याच्या वाटेत जाणं हा कायद्याने गुन्हा आहे. अस्वल चालू लागलं तर बोट त्याच्यामागे जात नाही. अस्वलाने आपली दिशा आपल्यामुळे बदलली, तर आपण फार जवळ होतो एवढाच त्याचा अर्थ.

किती अंतरावरून बघायला मिळतं? फोटोत तर बोटीच्या अगदी टोकाशी दिसतं.

ते फोटो बहुधा जुने आहेत, नाहीतर स्वालबार्डचे नाहीत. १ जानेवारी २०२५ पासून नियम कडक झाले. अस्वलापासून किमान ३०० मीटर अंतर ठेवायचं, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. नकळत त्याहून जवळ आलोच तर मागे फिरायचं. अस्वल स्वतःहून आपल्याकडे आलं तरी माघार आपणच घ्यायची.

हे ऐकून काही जणांचा चेहरा पडतो. समजण्यासारखं आहे. पण गणित करून बघा. आठपट मोठं दाखवणाऱ्या साध्या दुर्बिणीतून ३०० मीटरवरचं अस्वल तुम्हाला चाळीस मीटरच्या आत असल्यासारखं दिसतं. शांत समुद्रात, बोटीचं इंजिन अगदी हळू ठेवून, तासभर असं बघता येतं. आई पिलाला घेऊन खडकावरून उतरते, मध्येच बसते, बर्फावर अंग घासते, पुन्हा चालायला लागते. अस्वलाला तुमची फिकीर नसते, आणि म्हणूनच ते असं वागतं. आमच्या मते हा नियम चांगला आहे. तुम्हाला तो जाचक वाटत असेल तर ही सफर तुमच्यासाठी नाही, हे आत्ताच सांगितलेलं बरं.

त्यामुळे सामानाच्या यादीत पहिली वस्तू दुर्बीण. आठ बाय बेचाळीस उत्तम. घरटी एक नको, माणशी एक हवी. नवरा-बायकोत एकच दुर्बीण असली की अस्वल कोणी बघायचं यावरून समुद्रात वाद होतात.

बाराच प्रवासी का?

आंतरराष्ट्रीय सागरी नियमांत बारापेक्षा जास्त प्रवासी नेणारं जहाज ‘प्रवासी जहाज’ ठरतं आणि त्याला वेगळे, फार मोठे नियम लागतात. म्हणून ध्रुवीय भागात जुन्या मासेमारी किंवा सर्वेक्षणाच्या बोटी दुरुस्त करून बारा जणांसाठी वापरण्याची पद्धत पडली. ही झाली कागदावरची बाजू.

खरा फायदा किनाऱ्यावर कळतो. संरक्षित क्षेत्रांत आता दोनशेहून जास्त प्रवाशांच्या जहाजांना प्रवेश नाही, आणि उतरण्याच्या जागाही ठरवून दिल्या आहेत. मोठ्या जहाजावर उतरायचं तर पाळ्या लावाव्या लागतात. एक गट खाली, तोवर बाकीचे वर कॉफी पीत बसलेले. आपण सगळे एकदम दोन रबरी बोटींत बसून निघतो. किनाऱ्यावर रेनडिअर चरत असला आणि थांबावंसं वाटलं तर तासभर थांबतो. मागून कोणी घड्याळ दाखवत नाही.

तोटेही आहेत. बोट लहान म्हणजे खोल्या लहान, दोन बंक आणि एक खिडकी. लिफ्ट नाही, स्पा नाही, करमणुकीचे कार्यक्रम नाहीत. आणि बारा अनोळखी माणसं आठ दिवस एकाच टेबलावर जेवणार. मोठ्या आवाजात फोनवर बोलणारा एक माणूस बाकीच्या अकरांची सहल बिघडवू शकतो. सुदैवाने तिथे फोन लागत नाही.

दिवसवार कार्यक्रम का देत नाही? ‘पहिला दिवस, दुसरा दिवस’ असं काहीतरी असेलच की.

व्हिसाच्या अर्जाला जोडायला एक ढोबळ कार्यक्रम देतो. तो घरी फ्रीजवर लावू नका.

बोट कुठे जाणार हे रोज सकाळी कप्तान आणि मुख्य मार्गदर्शक ठरवतात. त्यांच्यासमोर नॉर्वेच्या हवामान खात्याचा बर्फाचा नकाशा असतो, वाऱ्याचा अंदाज असतो. पश्चिम किनाऱ्यावरचे फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या लांब खाड्या, बहुधा मोकळे असतात, कारण उबदार अटलांटिक प्रवाहाची एक शाखा तिथवर येते. उत्तरेला आणि पूर्वेला काय असेल ते बर्फ सांगेल. हिनलोपेनची सामुद्रधुनी एखाद्या जूनमध्ये बर्फाने गच्च असते, एखाद्या वर्षी साफ मोकळी. त्यामुळे ‘संपूर्ण स्पिट्सबर्गेनला प्रदक्षिणा’, म्हणजे स्वालबार्डच्या सगळ्यात मोठ्या बेटाला फेरी, असं आम्ही आधी कबूल करत नाही. झाली तर झाली.

जून, जुलै की ऑगस्ट? कधी यावं?

हा प्रश्न योग्य आहे आणि उत्तर ‘तुम्हाला काय बघायचं आहे’ यावर आहे.

जूनमध्ये डोंगर अजून पांढरे असतात. काही फ्योर्डांच्या आतल्या टोकाला किनाऱ्याशी जोडलेलं बर्फ टिकून असतं आणि त्यावर सील पहुडलेले असतात. जिथे सील तिथे अस्वल येण्याची शक्यता. दृश्य सगळ्यात जास्त ‘आर्क्टिक’ वाटतं ते याच महिन्यात. पण ५०० मीटरचा नियम महिनाअखेरपर्यंत लागू असतो, आणि बऱ्याच जागा बर्फामुळे बंद असतात.

जुलै हा पक्ष्यांचा आणि फुलांचा महिना. कड्यांवर पिल्लं असतात, खाली जांभळी सॅक्सिफ्रेज आणि पांढरी-पिवळी खसखशीची फुलं. झाडं मात्र शोधू नका. तिथलं विलोचं झाड काही सेंटिमीटर उंच असतं, आणि तुम्ही त्याच्यावर उभे आहात हे मार्गदर्शकाने सांगितल्यावर कळतं.

ऑगस्टमध्ये बर्फ कमीत कमी, म्हणून बोट दूर जाऊ शकते. देवमासे चांगले दिसतात, आणि महिन्याच्या उत्तरार्धात सूर्य क्षितिजाला टेकायला लागल्यावर रंग सुंदर येतात. पण कडे रिकामे होत आलेले असतात. पक्ष्यांसाठी येणाऱ्याने ऑगस्ट टाळावा.

आमचं स्वतःचं मत विचाराल तर जुलैचा पहिला पंधरवडा. बर्फ थोडं शिल्लक, पक्षी पूर्ण भरात, आणि अंतर ३०० मीटरवर आलेलं.

अस्वल सोडून काय?

याच प्रश्नाचं उत्तर लिहायला सगळ्यात मजा येते, आणि नेमका हाच प्रश्न सगळ्यात कमी लोक विचारतात.

वॉलरसपासून, म्हणजे लांब सुळ्यांच्या, सीलसारख्या अवाढव्य प्राण्यापासून सुरुवात करू. तो दिसायच्या आधी त्याचा वास येतो. वाळूवर वीस-पंचवीस धुडं एकमेकांवर रेलून पडलेली असतात. कोणीतरी कूस बदलतं, त्याचा सुळा शेजाऱ्याच्या मानेत टोचतो, शेजारी गुरगुरतो, मग तो पुढच्याला ढकलतो, आणि ही कुरबुर ओळीच्या टोकापर्यंत जाऊन विझते. दोन मिनिटांत सगळे पुन्हा घोरायला मोकळे. आपण रबरी बोट लांब लावतो, एका ओळीत हळूहळू चालत जातो आणि तीसेक मीटर अलीकडे थांबतो. एकाने जरी मान वर करून आपल्याकडे रोखून बघितलं तर तिथेच उभं राहायचं. सतराव्या शतकापासून तेल आणि दातांसाठी इथे वॉलरसची इतकी कत्तल झाली की ते जवळजवळ संपले होते. १९५२ मध्ये संरक्षण मिळालं आणि आता ते परत येत आहेत. रेनडिअरला संरक्षण १९२५ मध्ये मिळालं, अस्वलाला १९७३ मध्ये. बंदी घातली की प्राणी सावरतात, याचा एवढा ढळढळीत पुरावा क्वचितच बघायला मिळतो.

मग पक्ष्यांचे कडे. हिनलोपेनमध्ये अल्केफ्येलेट नावाचा काळ्या खडकाचा उभा कडा आहे. सह्याद्रीच्या माणसाला तो खडक ओळखीचा वाटेल, लाव्हारसातून घडलेले खांब एकाला एक लागून उभे. त्याच्या हातभर रुंद कपारींवर ब्रुनिख गिलेमॉट नावाच्या पक्ष्याच्या साठेक हजार जोड्या दाटीवाटीने उभ्या असतात. घरटं नसतं. अंडं थेट खडकावर, एका बाजूला निमुळतं. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की उडता येत नसतानाच कड्यावरून खाली झेप घेतं. बाप सोबत असतो. समुद्रात पडलं तर दोघं पोहत निघून जातात. अलीकडे जमिनीवर पडलं तर तिथे कोल्हा थांबलेला असतोच. हे बघताना आपल्या गटातले लोक दोन पक्षांत विभागले जातात. आम्ही कोल्ह्याच्या बाजूने बोलतो, कारण त्याला हिवाळा काढायचा असतो.

सुरय पक्ष्याची ध्रुवीय जात, म्हणजे आर्क्टिक टर्न, दरवर्षी अंटार्क्टिकपर्यंत जाऊन परत येते. घरट्याजवळून गेलात तर ती थेट डोक्यावर चोच मारते. हात किंवा काठी डोक्यावर उंच धरा, ती सर्वांत उंच टोकावर हल्ला करते. आणि लगेच तिथून निघा.

लिटल ऑक हा मुठीएवढा पक्षी लाखोंनी आहे, आणि त्यांचा थवा डोंगरावरून फिरतो तेव्हा खिदळल्यासारखा आवाज येतो. रंगीत चोचीचे पफिन पक्षीही दिसतात, पण आइसलँडइतके नाहीत. रेनडिअर आखूड पायांचे आणि धीट, कधी आपल्याला न्याहाळत जवळ येतात. पांढरे बेलुगा देवमासे हिमनद्यांच्या तोंडाशी किनाऱ्याला धरून जातात. खोल समुद्रात मिंक, फिन, हंपबॅक, आणि नशीब जोरावर असेल तर निळा देवमासा. लांब सुळ्याचा नारव्हाल देवमासा अगदीच दुर्मीळ, त्याच्या भरवशावर येऊ नका.

पेंग्विन?

नाहीत. ते दक्षिण गोलार्धात. दर वेळी कोणीतरी विचारतंच, म्हणून लिहिलं.

नॉर्दर्न लाइट्स?

तेही नाहीत. साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट सूर्य मावळतच नाही. आकाश काळं झाल्याशिवाय ते दिसत नाहीत.

मग झोप कशी लागते?

पहिल्या दोन रात्री लागत नाही. डोळ्यांवर पट्टी घेऊन या. रात्री दोनला लखलखीत ऊन असतं, आणि प्राण्यांना घड्याळ नसल्यामुळे तेव्हाही हाक येऊ शकते. उठायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. दारावरच्या पाटीवर ‘उठवा’ किंवा ‘उठवू नका’ असं आधीच लिहून ठेवा, म्हणजे सकाळी रुसवेफुगवे नकोत.

थंडी किती असते? काय कपडे आणायचे?

जुलैत साधारण ३ ते ८ अंश. २५ जुलै २०२० रोजी लाँगइयरब्येनला २१.७ अंशांचा विक्रम झाला, पण त्याच्या भरवशावर टी-शर्ट भरू नका. आकडा ऐकून मनालीला जाऊन आलेले लोक निर्धास्त होतात. खरा प्रश्न वाऱ्याचा आहे. रबरी बोटीत दीड तास न हलता बसायचं, समोरून हिमनदीवरून येणारा वारा आणि अधूनमधून पाण्याचे तुषार. तिथे जाडजूड एकच जॅकेट उपयोगी पडत नाही.

आत लोकरीचे अंगालगतचे कपडे, त्यावर फ्लीस, त्यावर पातळ पिसांचं जॅकेट, आणि सगळ्यात वर वारा व पाणी अडवणारा थर. वॉटरप्रूफ पँट हवीच हवी. ती विसरलेला माणूस पहिल्याच दिवशी ओल्या बुडाने परत येतो. हातमोजे दोन जोड, एक पातळ, एक जाड. जीन्स अजिबात नको. गुडघ्यापर्यंतचे गमबूट बोटीवर मिळतात, मापाचा नंबर आधी कळवा. गमबूट किंचित सैल घ्या म्हणजे दोन मोजे मावतात. आणि प्रखर उन्हासाठी गॉगल.

कपडे घरून धुऊन आणा, बॅगेचे कोपरे आणि वेल्क्रो झटकून आणा. मातीतून बियाणं तिथे जाऊ नये म्हणून ही काळजी. प्रत्येक वेळी उतरण्याआधी आणि चढल्यावर बूट जंतुनाशकात बुडवावे लागतात. बर्ड फ्लू तिथवर पोचला आहे, त्यामुळे यात सूट नाही.

आईचं वय ६८ आहे, गुडघे दुखतात. तिला झेपेल का?

वयाचं विचारूच नका, गुडघ्यांचं बोलू. सगळ्यात अवघड काम आहे बोटीवरून रबरी बोटीत उतरणं. बाजूला शिडी असते, खाली रबरी बोट लाटेवर वरखाली होत असते. उतरताना खलाशी तुमच्या हाताचा पंजा धरत नाही, मनगटाच्या वर धरतो आणि तुम्हीही त्याचं मनगट धरायचं. म्हणजे एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. किनाऱ्याला लागलं की कडेवर बसून पाय पलीकडे टाकायचे आणि घोटाभर पाण्यात उतरायचं.

घरी एक चाचणी करा. आईला खुर्चीच्या उंचीच्या पायरीवर कठडा धरून एका पायाने चढता-उतरता येतं का, जमिनीवर बसून आधाराने उठता येतं का. येत असेल तर बिनधास्त आणा. चालणं दोन-तीन किलोमीटर, खडकाळ आणि पाणथळ. कोणाला नाही जमलं तर त्या दिवशी बोटीवर थांबता येतं. मात्र किनाऱ्यावर उतरल्यावर मध्येच एकट्याने परत फिरता येत नाही, कारण गट फुटू द्यायचा नसतो.

आणि हो, किनाऱ्यावर शौचालय नाही, आडोशालाही जाता येत नाही. निघण्याआधी जाऊन या. कपड्यांचे चार थर चढवायच्या आधी.

मुलांना आणता येईल का?

बारा वर्षांपुढे. त्याआधी तासभर गप्प उभं राहणं मुलांवर अन्याय आहे.

बंदूक घेऊन फिरतात हे खरं का?

खरं आहे. वस्तीबाहेर जायचं तर अस्वलाला हुसकावण्याची साधनं बरोबर असणं बंधनकारक आहे. मार्गदर्शकाजवळ आवाजाने घाबरवणारं फ्लेअर पिस्तूल आणि रायफल असते. रायफल शेवटचा उपाय. ती झाडावी लागली तर गव्हर्नरच्या कार्यालयाकडून चौकशी होते, आणि अस्वल मेलं तर ती बातमी जगभर जाते. म्हणून उतरण्याआधी मार्गदर्शक पुढे जाऊन आजूबाजूचा परिसर दुर्बिणीने तपासतात. धुकं असेल तर उतरणं रद्द. त्यावर घासाघीस चालत नाही.

बोट लागते का?

फ्योर्डांच्या आत पाणी बहुतेक वेळा शांत असतं. उघड्या समुद्रातून जाताना काही तास हलते. गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, कोणती ते आपल्या डॉक्टरांना विचारा. आलेपाक बरोबर ठेवा. उपाशीपोटी राहू नका आणि खोलीत डोळे मिटून पडण्यापेक्षा बाहेर येऊन क्षितिजाकडे बघा.

शाकाहारी जेवण मिळेल का? जैन? उपासाचं?

शाकाहारी नक्की मिळतं. आचारी युरोपीय असतो, त्यामुळे ‘शाकाहारी’ म्हणजे पास्ता, सूप, भाजलेल्या भाज्या, मसूर, ब्रेड, सॅलड. पहिले तीन दिवस छान वाटतं, चौथ्या दिवशी सगळे लोणचं कोणाकडे आहे ते शोधतात. म्हणून आम्ही तांदूळ, मुगाची डाळ आणि फोडणीचं सामान देतो आणि एक-दोन वेळा खिचडी होते. जैन जेवणासाठी दोन महिने आधी कळवा. कांदा-लसूण टाळता येतं, कंदमुळं टाळली की पर्याय फार उरत नाहीत. लाँगइयरब्येनला जे काही उगवलेलं खाल ते बहुतेक सगळं बाहेरून आलेलं असतं.

घरून चिवडा, बाकरवडी, चटण्या, मेतकूट खुशाल आणा. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ मात्र नको. युरोपबाहेरून ते नॉर्वेत आणायला मनाई आहे, त्यामुळे पेढे-बर्फी घरीच राहू द्या.

आषाढी एकादशी बहुधा याच दिवसांत येते. साबुदाणा घेऊन आलात तर आचाऱ्याला भिजवायचं प्रमाण आम्ही समजावतो. संकष्टीचा पेच मात्र खरा आहे. जून-जुलैतला पौर्णिमेचा चंद्र इतक्या उत्तरेला क्षितिजाच्या वर येत नाही, आणि चतुर्थीलाही तो उगवेलच असं नाही. चंद्रोदयाची वाट बघत बसलात तर उपास सुटायचा नाही. आमच्याबरोबर आलेली मंडळी मुंबईच्या चंद्रोदयाची वेळ धरतात. मुंबईत रात्रीचे पावणेदहा म्हणजे तिथे संध्याकाळचे सव्वासहा. जेवणाची घंटा सातला वाजते, त्यामुळे सोयीचंच पडतं.

व्हिसा कोणता लागतो?

स्वालबार्डसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. १९२० च्या स्वालबार्ड कराराने बेटांवर नॉर्वेचं सार्वभौमत्व मान्य केलं, पण ती शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर, ठेवली आहेत. घोळ इथेच होतो. जाताना ऑस्लोला तुम्ही शेंगेनमध्ये शिरता, स्वालबार्डला निघताना बाहेर पडता, परत येताना पुन्हा शिरता. म्हणून शेंगेन व्हिसा किमान दोन प्रवेशांचा हवा. एकाच प्रवेशाचा मिळाला असेल तर परतीच्या वाटेवर अडकाल. व्हिसा हातात आला की आधी त्याच्यावर प्रवेशांचा आकडा बघा, मग पेढे वाटा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात गर्दी असते, उशीर करू नका.

विमा आणि डॉक्टर?

व्हिसासाठी ३०,००० युरोचा विमा दाखवावा लागतो. तो इथे पुरत नाही. लाँगइयरब्येनला लहान रुग्णालय आहे, पण गंभीर रुग्णाला विमानाने ट्रोम्सोला नेतात. त्यामुळे शोध, बचाव आणि रुग्णवाहतूक यांचा खर्च भरून देणारा विमा हवा आणि त्यात स्वालबार्ड धरलेलं आहे हे कंपनीकडून लेखी घ्या. ‘युरोप’ लिहिलंय म्हणजे झालं असं समजू नका. रोजची औषधं दुप्पट आणा, आणि ती हातातल्या बॅगेत ठेवा. बॅगा ऑस्लोला मागे राहतात, आणि बोट बॅगेसाठी थांबत नाही.

फोन, इंटरनेट?

लाँगइयरब्येनमध्ये उत्तम चालतं. गाव सोडलं की संपलं. बोटीवर उपग्रह फोन आहे, तो अडीअडचणीसाठी. घरच्यांना आधीच सांगून या की आठवडाभर आवाज ऐकू येणार नाही.

भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र बघता येईल का?

बाहेरून, परवानगी आणि हवामान जुळलं तर. नी-ओलेसुंड या संशोधन-वस्तीत २००८ पासून भारताचं हे केंद्र आहे. त्याचा कारभार गोव्याहून चालतो, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून. उत्तर ध्रुवापासून सुमारे १,२०० किलोमीटरवर आपली इमारत बघून बहुतेकांना भरून येतं. आत जाता येत नाही, तिथे माणसं काम करत असतात. खिडकीतून डोकावू नका. स्वालबार्ड करारावर ब्रिटिश राजवटीतल्या भारताचंही नाव होतं, म्हणजे इथला आपला संबंध शंभर वर्षांहून जुना आहे.

वीस किलोमीटरच्या परिघात रेडिओ लहरींवर निर्बंध आहेत, कारण तिथल्या रेडिओ दुर्बिणी अंतराळातले फार क्षीण संकेत टिपतात. फोन, घड्याळ, कॅमेरा, सगळ्याचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद. श्रवणयंत्र वापरत असाल तर आम्हाला आधी सांगा.

वस्तीच्या कडेला नॉर्वेचा ध्रुवशोधक अमुंडसेन याच्या ‘नोर्गे’ या हवाई जहाजाचा मनोरा उभा आहे. १९२६ मध्ये ते इथूनच ध्रुवाकडे निघालं.

आठवण म्हणून एखादं शिंग, दगड, हाड आणलं तर?

नाही. एक खिळासुद्धा नाही. १९४६ पूर्वीची माणसाची प्रत्येक खूण तिथे आपोआप वारसा ठरते. व्हेल पकडणाऱ्यांच्या भट्ट्या, कबरी, मोडकी फळी, गंजलेला डबा, सगळं. किनाऱ्यावरचा प्लास्टिकचा कचरा मात्र हवा तेवढा उचला. पोती आम्ही देतो. मासेमारीची जाळी इतकी सापडतात की पोती कमी पडतात.

कॅमेरा कोणता? ड्रोन चालेल?

ड्रोन आमच्या बोटीवर चालत नाही. लेन्स ४०० मिलिमीटर किंवा जास्त असेल तर छान, नसेल तर फोनने निसर्ग टिपा आणि प्राणी दुर्बिणीने बघा. थंडीत बॅटरी भराभर उतरते, जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा.

एवढी महाग का?

कारण बोटीचं भाडं, इंधन, खलाशी आणि मार्गदर्शक यांचा खर्च बारा जणांत विभागायचा असतो, बाराशेत नाही. दरपत्रक वेगळं पाठवतो. त्यात विमानभाडं, व्हिसा आणि विमा धरलेला नसतो, हे आधी वाचा. टीसीएस, म्हणजे परदेश सहलीवर आगाऊ घेतला जाणारा कर, वेगळा कापला जातो, तो आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. तिथे रोख रकमेची गरज जवळजवळ नाही, कार्ड सगळीकडे चालतं.

इतक्या लांब विमानाने जाऊन बर्फ वितळण्यात भर घालायची, हे पटतं का तुम्हाला?

पूर्ण पटत नाही. स्वालबार्ड जगाच्या सरासरीच्या कितीतरी पट वेगाने तापतंय, आणि आपलं विमान त्याला हातभार लावतं. लहान बोट, कमी वेग, जहाजांच्या जड इंधन-तेलावर तिथे असलेली बंदी यांनी थोडा फरक पडतो, हिशेब मिटत नाही. म्हणून आम्ही एका उन्हाळ्यात मोजक्याच फेऱ्या करतो आणि ‘आर्क्टिक संपण्याआधी बघून घ्या’ अशी जाहिरात करत नाही. हा प्रश्न विचारून नंतर न आलेले लोकही आहेत. त्यांचं चुकलं असं आम्हाला वाटत नाही.

नाव कधी नोंदवायचं?

आदल्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत. बारा जागा भरायला वेळ लागत नाही, आणि व्हिसाला पुरेसे महिने हातात राहतात. नोंदणीआधी आम्ही प्रत्येकाशी अर्धा तास फोनवर बोलतो. त्यात गुडघ्यांचं, औषधांचं आणि अस्वल दिसलं नाही तर काय, हे तीन प्रश्न आम्ही विचारतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा, आणि त्यात दोन पानं कोरी असावीत.